जन्मलीच नाहीत ती वासरं

नमस्कार मंडळी. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, सगळ्या गोठेवाल्यांना. धारा आटपल्या असतील, कॅन डेअरीला गेले असतील तर जरा बसा.

आमची एक एचएफ गाय, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीची. डॉक्टरनी हात घालून बघितलं, गाभण आहे म्हणाले, आम्ही निवांत, आणि तीन महिन्यांनी बघतोय तर बाई परत माजावर! मग घरात सुरू, कोण म्हणतं मिनरल मिक्श्चर बंद केलं म्हणून, कोण म्हणतं ऊन लागलं, आई म्हणते नजर. बऱ्याचदा कारण चाऱ्यात नायतर पिशवीच्या इन्फेक्शनमध्येच असतं, ते पहिलं तपासाच. पण कधीकधी गाय चांगली, वळू चांगला, आणि जोडी वाईट असं असतं बघा.

अमेरिकेत चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू होता, 1962 चा जन्म, 16 हजार लेकी त्याच्या. दुधाला एक नंबर, म्हणून त्याचं रक्त जगभर गेलं, आणि त्या रक्तात एका जीनची, म्हणजे आईबापाकडनं येणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्याची, बिघडलेली प्रत होती. एकच आली तर जनावराला काही होत नाही, पण आई आणि बाप दोघांकडनं तीच आली की वासरू पोटातच जातं. दोघं तसले असले तर सरासरी चारातलं एक.

हे सापडलं 2011 साली, आणि सापडलं ते भारी पद्धतीनं. लग्नाच्या पंगतीत कोण आलं नाही त्यावरनं भाऊबंदकीतलं भांडण कळतं की नाही, तसंच. हजारो गाईंचा डीएनए बघितला तर पाचव्या क्रोमोसोमवरचा (गुणसूत्रावरचा) एक तुकडा एकेरी, म्हणजे आई नायतर बाप एकाकडनंच आलेल्या गाई भरपूर, दुहेरी, म्हणजे दोघांकडनं आलेली एक पण नाही. जीन सापडायला पुढं 2016 उजाडलं. या एका दोषानं जगात पाच लाखांच्या आसपास गाई गाभडल्या असा अंदाज आहे.

एरवी गाभण राहणं एका जीनच्या हातात नसतंय ओ, डीएनएवरच्या शेकडो जागांचा थोडा थोडा वाटा असतो, म्हणून त्या जागांचा नकाशा काढणं किचकट. आपल्या गाईंसाठीची डीएनए तपासायची चिप 2024 ला वाशिममध्ये जाहीर झाली. खिलारवाल्यांनी घाबरू नका, चीफचा दोष होल्स्टीन रक्तातला आहे.

सिमेनच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो मागून घ्या, आणि आईला भरवलेला वळू लेकीला वापरू नका. आम्ही नंबर खांबावर खडूनं लिहायचो, पहिल्या पावसात पुसला. आता कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी.