वारा आमच्या वहीत होता

(उरणच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'समुद्रातील तेल-वायूकडून स्वच्छ ऊर्जेकडे : शासकीय धोरणाची दिशा'. हे शब्द माझे नव्हेत. मी फोनवर कार्यवाहांना एवढंच म्हटलं होतं, की वाऱ्याबद्दल बोलेन. त्यांनी वाऱ्याला कोट-टाय घातला. असो. धोरणावर येणार आहे, पत्रिकेशी बेईमानी करणार नाही.

मी इंजिनिअर नाही. रेडिओ ऑपरेटर होतो, तेवीस वर्षं, 'हाय'वर, म्हणजे मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या भाड्याच्या रिगांवर. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. आमच्या घरातलं मत असं, की अर्धाच संसार केलात, पण तेवढाही पुष्कळ झाला. हाय म्हणजे काय ते उरणकरांना सांगायला नको. 1974 साली 'सागर सम्राट' या रिगनं तेल शोधलं, 1976 ला ते वाहू लागलं, आणि एकशे साठ किलोमीटरवरून पाइपातून येतं ते तुमच्याच दारात.

रेडिओ रूममधल्या माणसाचं काम काय? सगळ्यांना वाटतं, गप्पा मारणं. तेही होतं. पण जुहूहून हेलिकॉप्टर उठायच्या आधी तिथला माणूस विचारतो, वारा सांगा. दिशा किती, वेग किती नॉट, लाट किती, दिसतंय किती लांबचं. ते मी सांगायचो आणि सांगण्याआधी वहीत लिहायचो. हेलिकॉप्टर असो नसो, तासातासाला नोंद. क्रेनवाल्यालाही तोच आकडा लागतो. वारा वाढला की उचल बंद.

आता विंडसॉकची गोष्ट. हेलिडेकच्या कडेला कापडी नळकांडं असतं, वारा कुठून येतो ते पायलटला दिसावं म्हणून. आम्ही त्याला 'मोजा' म्हणायचो. जुलैमध्ये मोजा आठवडाभर टिकला तर नशीब. एका पावसाळ्यात लागोपाठ तीन फाटले, चौथा शिल्लक नाही, सप्लाय बोट खवळलेल्या समुद्रात जवळ यायला तयार नाही, आणि दुसऱ्या दिवशी क्रू चेंज. ज्यांची घरी जायची पाळी होती त्यांची तोंडं बघवत नव्हती. आमच्या गॅलीत, म्हणजे रिगच्या स्वयंपाकघरात, मालवणकडचा एक स्टुअर्ड होता. त्यानं कोणाचा तरी नारिंगी बॉयलर सूट घेतला, एक पाय मांडीपासून कापला, तोंडाला तारेचं कडं शिवलं आणि दिला वर चढवून. झकास फुगला! खालच्या टोकाला घोट्याचं बटण तसंच होतं. सकाळी हेलिकॉप्टर आलं, एक फेरी मारली, आणि पायलट रेडिओवर मला विचारतो, "खाली सगळे ठीक आहेत ना? डेकवर कोणाचा तरी पाय लटकतोय." (हशा) ज्याचा सूट होता त्याचं हसणं उशिरा आलं. स्टोअरवाल्यानं त्याला दुसरा सूट द्यायचा तर जुना पूर्ण परत मागितला, दोन्ही पायांसकट.

करंज्याची कोळी मंडळी मागे बसलीत, त्यांची माफी मागून एक बोलतो. एक जून ते एकतीस जुलै मासेमारीला बंदी. तुमच्या होड्या वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेच्या आधीचा खोल समुद्रातला वारा तुमच्या वाडवडिलांनीही फारसा पाहिला नाही, शहाणपणानं पाहिला नाही. आम्ही मात्र तिथेच, तासातासाला आकडा लिहीत. तो वारा आमच्या वहीत होता.

आणि त्या वह्यांचं काय झालं? रिगचं कंत्राट संपलं. रेडिओ रूम रिकामी करा म्हणाले. वह्या गोण्यांत भरल्या, बोटीनं किनाऱ्यावर आल्या, आणि रद्दीत गेल्या. अकरा गोण्या. मी सोडून कोणी मोजल्या नाहीत. मी वरिष्ठांना विचारलं, वेधशाळेला द्यायच्या का? ते म्हणाले, "कोणाला लागणार?" त्यांचंही बरोबर होतं; नियमाप्रमाणे जितका काळ ठेवायच्या तितका ठेवून झाला होता. रद्दीवाल्याची तक्रार वेगळीच. खाऱ्या हवेनं कागद दमट झालाय, भाव कमी मिळेल.

मग 2017 च्या नोव्हेंबरात बातमी वाचली. खंभातच्या आखातात पिपावावच्या समोर सरकारनं लायडार बसवला. लेसरचा किरण वर सोडून वारा मोजणारं यंत्र. समुद्रातला वारा कसा आहे ते कळायला हवं ना, पवनचक्क्या लावायच्या तर! मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चहा मागितला.

एका पवनचक्कीवाल्या तरुण इंजिनिअरला हे रागानं सांगितलं, तर त्यानं मलाच गप्प केलं. म्हणाला, काका, तुमचं यंत्र डेकच्या खांबावर, आमचं पातं शंभर मीटरच्या वर. आणि वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर वीज आठपट. तुमच्या आकड्यात थोडी चूक असली तरी माझ्या हिशेबात ती तिपटीनं येते. पटलं. तरी म्हणतो, तेवीस वर्षांच्या वह्या चुलीत घालण्याइतक्या चुकीच्या नव्हत्या.

त्याच 2017 मध्ये डेन्मार्कनं विंडेबी मोडीत काढलं. समुद्रातलं जगातलं पहिलं पवन-शेत, अकरा चक्क्यांचं, 1991 सालचं. म्हणजे त्यांची चक्की आयुष्य संपवून निवृत्त झाली तेव्हा आपण वारा मोजायला बसलो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. चांगलंय, धोरण तेवढ्यात बसतं.

ऑक्टोबर 2015 ला राष्ट्रीय सागरी पवनऊर्जा धोरण आलं. 2018 ला लक्ष्य जाहीर झालं, 2022 पर्यंत पाच गिगावॉट आणि 2030 पर्यंत तीस. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 7,453 कोटी मंजूर केले. गुजरात आणि तमिळनाडूत पाचशे-पाचशे मेगावॉटसाठी, त्यातले सहाशे कोटी दोन बंदरांना. आपल्या समुद्रात आजपर्यंत फिरणाऱ्या चक्क्या? शून्य. महाराष्ट्राचं नाव यादीत नाही म्हणून रुसू नका. आपल्याकडे वारा पावसाळ्यात घोड्यावर बसून येतो आणि नंतर महिनोन्‌महिने झोपा काढतो. हे मी वहीवरूनच सांगतोय.

मग हायवर काय करायचं? माझं म्हणणं इथे आहे, आणि नेमकी इथेच घाई. प्लॅटफॉर्मवर वीज कशी होते? तिथलाच वायू जाळून, टर्बाइनवर. नॉर्वेनं 2023 मध्ये हायविंड टॅम्पेन सुरू केलं. तरंगत्या अकरा चक्क्या, 88 मेगावॉट, वीज किनाऱ्यावर आणतच नाहीत, शेजारच्या स्नोरे आणि गुल्फाक्स या तेलक्षेत्रांनाच देतात. त्यांच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा. आपल्याकडे चक्की फक्त पावसाळ्यात चालली तरी तेवढे महिने वाचलेला वायू पाइपातून इथे येईल. बोकडविऱ्याचं वीजकेंद्र 672 मेगावॉटचं, वायूअभावी कमी चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. खर्च? भरपूर. तिथे पाणी सत्तर-ऐंशी मीटर खोल. एका खांबावर चक्की उभी राहणार नाही, जॅकेट लागेल, म्हणजे समुद्रतळावर रोवलेला लोखंडी सांगाडा. पण जॅकेट बांधणारी, ओढून नेणारी, समुद्रात उभी करणारी माणसं याच किनाऱ्यावर पन्नास वर्षं तेच करताहेत.

अडतं कुठे? तेल एका मंत्रालयाकडे, वारा दुसऱ्याकडे. 2025 मध्ये तेलक्षेत्रांचा 1948 चा कायदा दुरुस्त झाला, त्यात इतर ऊर्जेला दार किलकिलं केलंय. आनंद आहे. ओएनजीसीनंही 2038 पर्यंत स्वतःचं उत्सर्जन नक्त शून्यावर आणायचं ठरवलंय, आणि त्यासाठी एनटीपीसीबरोबर बंगळुरूची अयाना कंपनी विकत घेतली. तिचे प्रकल्प जमिनीवरचे, मुख्यतः सौर. हिशेबानं योग्यच, जमिनीवरचं ऊन समुद्रातल्या वाऱ्यापेक्षा फार स्वस्त. पण तिथे हायवरच्या वेल्डरला काम नाही.

दोन मिनिटं, हो, उठतोच. वेल्डर, रिगर, क्रेनवाला, स्कॅफोल्डिंगवाला, यांतले बहुतेक ठेकेदाराचे. ब्रिटननं 2025 मध्ये कौशल्य-पासपोर्ट काढला. तेलातलं कोणतं प्रमाणपत्र पवनऊर्जेत चालतं ते माणसाला कळावं, तेच प्रशिक्षण पुन्हा पैसे भरून घ्यायला लागू नये. आपल्या धोरणात मेगावॉट आहेत, कोटी आहेत, बंदरं आहेत. माणसाच्या खिशातल्या प्रमाणपत्राचं काय, ते मला सापडलं नाही. जुनी प्लॅटफॉर्म काढायची तरतूद कंपन्या बाजूला ठेवतात, त्यासाठी 1999 पासून योजना आहे. काढणाऱ्या हातांना त्याच वेळी नवं उभारायचं शिकवा, एवढंच... बरं, दिवे घालवू नका, झालंच.

एक वही वाचलीय. मागच्या पानांवर क्रिकेटचे स्कोअर लिहिले होते म्हणून पिशवीत राहिली. टेबलावर ठेवतो. करंज्याच्या मंडळींनी जुलैचं पान उघडावं, आणि चहा जरा लांबच ठेवावा.