काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन मोजताना चूक कुठे होते?

नमस्कार मंडळी. आज टेबलावर आहे काजरा, म्हणजेच कुचला. नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळणारं हे बी विषतिंदुक वटीत आणि अग्नितुंडी वटीत पडतं. यात दोन मुख्य अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त तीव्र द्रव्यं, असतात: स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन. प्रौढ माणसाचा जीव जायला स्ट्रिक्निन साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम पुरतं. दोन ग्रॅमच्या एका बीत दीड टक्का धरलं, तर ३० मिलिग्रॅम झालं. म्हणून इथे अंदाजाने काम भागत नाही. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा एचपीएलसी यंत्रात (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही, त्याच्या आधीच.

[स्क्रीनवर: बी जवळून]

आधी बी ओळखा. चपटं, गोल, करडं, अंगावर रेशमी लव. शेजारच्या पोत्यातली निवळी त्याच कुळातली, पण बी लहान आणि त्यात स्ट्रिक्निन नसतं. काजऱ्याचा गर शिंगासारखा कडक. मिक्सर सलग फिरवला की तो तापतो, म्हणून खलबत्त्यात फोडून थोडं-थोडं थांबत दळा आणि ६० नंबरच्या चाळणीतून काढा. चाळणीवर उरलेली लव फेकू नका. अल्कलॉइड मुख्यतः गरात असतात, त्यामुळे लव फेकून दिली की टक्का उगाच वाढतो. उरलेलं परत दळा, सगळं खाली पडेपर्यंत. हातमोजे आणि मास्क घालून, धूरपेटीतच.

आता ०.६ ग्रॅम पूड अचूक तोला. ओलावा वेगळ्या नमुन्यावर काढा. तोललेल्या पुडीवर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ३ मिली घालून अर्धा तास ठेवा. बीमध्ये अल्कलॉइड क्लोरोजेनिक आम्लाशी बांधलेले असतात. अल्कली त्यांना मोकळं करतं, तेव्हाच ते क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. मग २० मिली क्लोरोफॉर्म घाला, फ्लास्क झाकून त्याचं वजन लिहा आणि पाण्याच्या बाथवर दोन तास रिफ्लक्स करा, म्हणजे वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये गार होऊन परत फ्लास्कात पडेल असं उकळा.

नागपूरकरांनो, इथे थांबा. क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच इतकं तापलेलं असतं की कंडेन्सर नावापुरता उरतो. वीसमधलं २ मिली उडून गेलं आणि तुम्ही हिशेब वीसनेच केला, तर खरा १.५ टक्का १.६७ दिसतो. म्हणून बर्फाच्या बादलीतून छोट्या पंपाने पाणी फिरवा. फ्लास्क पूर्ण गार झाला की पुन्हा वजन करा आणि जेवढं घटलं तेवढं क्लोरोफॉर्म घालून भरून काढा. ही पायरी उन्हाळ्यातच काय, कधीच गाळू नका.

द्रावण निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळा, त्यातलं ३ मिली घेऊन मिथेनॉलने १० मिली करा, मग ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून काढा. यंत्रात नुसतं क्लोरोफॉर्म टोचलं, तर पीक, म्हणजे क्रोमॅटोग्रामच्या आलेखावरचं शिखर, फाटतो.

[स्क्रीनवर: क्रोमॅटोग्राम]

कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, सी-१८ प्रकारचा, २५० बाय ४.६ मिमी. त्यातून वाहणारं द्रावण असं बनवा: एका भागात ०.०१ मोलर सोडियम हेप्टेनसल्फोनेट, दुसऱ्यात ०.०२ मोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. दोन्ही समप्रमाणात मिसळून फॉस्फोरिक आम्लाने पीएच २.८ करा. हे ७९ भाग आणि ॲसिटोनायट्राइल २१ भाग. प्रवाह मिनिटाला १ मिली, तरंगलांबी २६० नॅनोमीटर, इंजेक्शन १० मायक्रोलिटर. हेप्टेनसल्फोनेटचं हे आयन-पेअर द्रावण कॉलममध्ये मुरायला वेळ घेतं. घाईने टोचलं, तर पीकची वेळ सरकत राहते. हा कॉलम याच कामाला राखून ठेवा. कॉलमच्या ओव्हनला थंड करायची सोय नसेल, तर ३० अंश लावून उपयोग नाही, कारण खोलीच ३६ अंशांवर असते. ४० लावा आणि वर्षभर तेच ठेवा.

कोणता पीक कोणाचा, हे दोन्ही मानकं (स्ट्रिक्निन आणि ब्रुसिनचे शुद्ध नमुने) वेगवेगळी टोचून ठरवा. ब्रुसिनच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. ते टेट्राहायड्रेट असेल, तर वजनातला १५ टक्क्यांहून जास्त भाग पाणीच आहे. ती दुरुस्ती राहिली, तर नमुन्यातलं ब्रुसिन तेवढं फुगतं.

हिशेब बघा. वाचन ०.१३५ मिग्रॅ प्रति मिली आलं. त्याला २० ने, मग १०/३ ने गुणलं की ९ मिग्रॅ. भागिले ६०० मिग्रॅ, म्हणजे १.५ टक्के. ओलावा ८ टक्के असेल, तर कोरड्या वजनावर १.६३. अहवालात कोणता आकडा ते स्पष्ट लिहा. चिनी फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) स्ट्रिक्निनची मर्यादा १.२० ते २.२० टक्के आहे, आणि कोरड्या-ओल्याच्या घोळात काठावरचा नमुना सहज नापास होतो.

शोधित काजरा (विष कमी करायला गोमूत्र, दूध, तुपाची प्रक्रिया केलेला) असेल तर काम वाढतं. तुपामुळे कॉलम घाण होतो, म्हणून अल्कली घालण्याआधी पेट्रोलियम इथरने तूप काढा. त्या वेळी अल्कलॉइड क्षाररूपात असतात, इथरमध्ये जात नाहीत. तापवण्यात काही स्ट्रिक्निन आयसोस्ट्रिक्निन आणि एन-ऑक्साइडमध्ये बदलतं, म्हणून क्रोमॅटोग्रामवर नवे पीक दिसले की त्यांना कचरा समजू नका. शोधनाचं गोमूत्र आणि दूधही तपासा, बरंचसं विष तिथेच उतरलेलं असतं. तेच दूध गायी-कुत्री पोचतील अशा जागी ओतू नका, आणि क्लोरोफॉर्म हॅलोजनयुक्त टाकाऊच्या वेगळ्या बाटलीत भरा.