गोठवलेला हिवताप

टाकीचं झाकण उचललं की आधी पांढरी वाफ बाहेर येते, मग रॅक. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. कुप्यांमध्ये माणसाच्या तांबड्या पेशी आहेत आणि त्या पेशींत प्लास्मोडियम फाल्सिपेरम, जीवघेण्या हिवतापाचा परजीवी. गोठलेला, पण जिवंत. दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत अशी परजीवी बँक १९९२ पासून आहे.

हा परजीवी प्रयोगशाळेत अखंड वाढवता येतो, हे ट्रॅगर आणि जेन्सन या शास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवलं. मग गोठवायचा कशाला? कारण फार काळ वाढवत ठेवला की तो बदलतो. डासात जाणारी गॅमेटोसाइट अवस्था काही वाणांत बनेनाशी होते. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू शिरला तर सगळं कल्चर, म्हणजे वाढवलेला परजीवी, वाया. रुग्णाकडून आला तसाच हवा असेल, तर लवकर गोठवलेला बरा.

ही गिम्सा नावाच्या रंगाने रंगवलेली काचपट्टी. पेशीत बारीक निळी अंगठी आणि तिच्यावर लाल ठिपका, ही रिंग अवस्था. गोठवण्यात तगते ती हीच. ट्रोफोझोइट आणि शायझोंट या पुढच्या, वाढलेल्या अवस्था फुटून जातात. शंभरातल्या किमान पाच पेशींत रिंग दिसल्या की कामाला लागायचं.

आता हात बघा. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून खाली बसलेल्या १ मिलि पेशी, त्यावर ५७ टक्के ग्लिसरॉलचं द्रावण, पहिलं ०.३३ मिलि थेंब-थेंब, नळी हलवत. पाच मिनिटं थांबायचं. मग उरलेलं १.३३ मिलि, तेही सावकाश. ग्लिसरॉलमुळे पेशीत बर्फाचे स्फटिक होत नाहीत, पण ते एकदम ओतलं तर पेशीच टिकत नाहीत. रात्रभर उणे ८०, दुसऱ्या दिवशी नायट्रोजन.

उठवणं त्याहून नाजूक. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची. दर मिलिमागे १२ टक्के मिठाचं द्रावण ०.२ मिलि, थेंबाथेंबाने. पाच मिनिटांनी १.६ टक्क्यांचं, शेवटी ०.९ टक्के मीठ आणि ०.२ टक्के डेक्स्ट्रोज. इतके टप्पे कशासाठी, तर ग्लिसरॉल भरलेल्या पेशीत पाणी भसकन शिरलं की ती फुगून फुटते. नळीतलं पाणी लालभडक दिसलं, की घाई झाली हे समजायचं.

फाल्सिपेरमचा थ्रीडीसेव्हन हा वाण असाच गोठवून वाटला गेला. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, २००२ मध्ये जाहीर झाला आणि आज अनेक देशांतल्या प्रयोगशाळा त्याच एका वाणावर आपापले निकाल ताडून बघतात. वाण एकाच कपाटात राहिला असता तर हे शक्यच नव्हतं. नवी औषधं, रॅपिड टेस्टची पडताळणी, विद्यार्थ्यांच्या काचपट्ट्या, सगळं यावरच चालतं.

ही पाठवायची टाकी. नायट्रोजन आतल्या सच्छिद्र थरात मुरलेला असतो, म्हणून वाटेत सांडत नाही. सोबत कागद हवाच: नमुना कुठला, कधीचा, गोठवण्याआधी किती दिवस वाढवला, कोणत्या औषधाला दाद देतो. हे लिहिलेलं नसेल, तर ती कुपी कोणी घेऊ नये.