पूल खालून पडतो

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'महामार्गावरचे जुने पूल : बदलायचे कधी आणि कसे'. त्याकडे येतोच. पण आधी ते पत्र. इंग्रजांच्या काळातल्या पुलाला शंभर वर्षं भरली की विलायतेहून पत्र येतं, 'तुमच्या पुलाची मुदत संपली, यापुढे आम्ही जबाबदार नाही', हे किती जणांनी ऐकलंय? बघा, अर्ध्याहून जास्त हात वर. आणि पत्र स्वतःच्या डोळ्यांनी कुणी पाहिलंय? एकही हात नाही. मी 34 वर्षं पुलांच्या कामात काढली, मलाही दिसलं नाही. अहो, माझ्या वेतनवाढीचा कागद वरच्या मजल्यावरून खाली यायला आठ महिने लागले, आणि पुलाचा लंडनहून येणार!

या पत्रावर माझा राग आहे. त्यानं आपल्या डोक्यात बसवलंय की पुलाला माणसासारखं वय असतं आणि ते भरलं की तो जातो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी नावाच्या नदीवरचा महामार्गाचा पूल 1987 साली पुरात पडला, 10 माणसं गेली. तो पूल होता 1954 चा. 33 वर्षांचा! माझा मुलगा या वयात अजून 'सेटल' व्हायचं म्हणतोय.

पूल खालून पडतो, एवढंच मला आज सांगायचंय. चौपाटीवर अनवाणी उभे राहा. लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते आणि आपण हळूच मागे कलतो. पुलाच्या खांबाचं पुरात तेच होतं. प्रवाह खांबावर आपटतो, खाली वळतो, भोवऱ्यासारखा फिरत बुडाशी खड्डा पाडतो. वर कठडा ठणठणीत, डांबर गुळगुळीत. गाडीवानाला काय कळणार?

हे मला पुस्तकात नाही कळलं. नव्यानं नोकरीला लागलो तेव्हा कोकणातला एक पूल माझ्याकडे होता. नाव सांगत नाही, तो अजून उभा आहे, उगाच बदनामी नको. तिथे एक मैलकामगार होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्यांकडे काथ्याचा दोर, टोकाला वरवंट्याएवढा दगड आणि वाव-वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढ्या, अंतरावर गाठी. जुलैत नदी लाल होऊन फुगली तेव्हा मला कठड्याशी उभं केलं, दोर सोडला आणि म्हणाले, "साहेब, गाठी मोजा." खांबाशी पाच गेल्या, सहावी अर्धी. मी डिग्रीवाला. म्हटलं, "तात्या, धारेत दोर तिरका जातो, हे माप खरं नाही." ते म्हणाले, "बाजूच्या खांबाशीबी तिरकाच जातो की. तितं दोन गाठी कमी का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. (आजही नाही. तात्यांचंच उत्तर आहे.)

दसऱ्यानंतर पाणी ओसरलं. मी उतरून पाहतो तर खड्डा कुठेच नाही! वाळू सपाट, वर कुणाच्या तरी शेळ्या फिरतायत. मला वाटलं, जिंकलो. तात्यांनी काही न बोलता पहार खुपसली. लोण्यात जावी तशी आत गेली. पूर ओसरताना नदी तो खड्डा भुसभुशीत गाळानं स्वतःच बुजवते. चोरी करून घर झाडून जावं तसं.

मी अहवाल लिहिला. वरिष्ठांनी वाचला आणि म्हणाले, "रकान्यात बसेल तेवढंच लिहा." रकाने होते कठडा, रंग, सांधे, पाणी जायची भोकं, भिंतीतले पिंपळ. पिंपळाला रकाना होता, नदीला नव्हता. त्या वर्षी कठड्यांना चुना मारायला मात्र पैसे लगेच आले. खांबाभोवती जाळीत दगड भरायला चार वर्षं गेली, तीही दुसरे साहेब आले म्हणून.

आता महाड. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, सावित्रीला पूर, मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल गेला. दोन एसटी बस आणि एक मोटार अंधारात नदीत. जवळच्या गॅरेजमधला माणूस धावत रस्त्यावर आला, त्यानं गाड्या अडवल्या, म्हणून मागचे वाचले. बस शोधायला क्रेनला 300 किलोचं लोहचुंबक बांधून पाण्यात सोडावं लागलं. आणि पुलाची पाहणी मे महिन्यात झाली होती, धोका आढळला नव्हता, असं तेव्हा सांगितलं गेलं. मे महिन्यात! तात्या हसले असते. नाही, हसले नसते.

चिठ्ठी आली वाटतं. पाच मिनिटं? बरं, पत्रिकेवरचा विषय पाच मिनिटांत.

कधी बदलायचा? वाढदिवस बघून नाही. पाया किती खोल आहे आणि पात्र किती खाली गेलंय, हे दरवर्षी पुरात मोजा. आता ध्वनिलहरींची यंत्रं आहेत, दोर नको. दोन्हींतलं अंतर संपत आलं की पूल 40 वर्षांचा असो की 90 चा, वाहतूक बंद. वाळू उपसा मोजणीत धराच. पोर्तुगालमध्ये डोरो नदीवरचा पूल 4 मार्च 2001 ला पडला, 59 माणसं गेली, त्यात बसभर प्रवासी. वर्षानुवर्षं वाळू काढून पात्र खोल झालं होतं. तिथल्या मंत्र्यांनी राजीनामा दिला, हे जाता जाता.

कसा बदलायचा? प्रवाहात खांब कमी, गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, लांब. खांबाशी खरवड, म्हणजे पुरात पात्र खणलं जाण्याची खोली, सरासरीच्या दुप्पट धरायची, असं रस्ते-पुलांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. पाया त्याच्याही खाली, जमेल तिथे पक्क्या खडकात. पैसे नाहीत, वेळ नाही, हे मला सांगू नका. सावित्रीवर पडलेल्याच्या जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 5 जून 2017 ला सुरू झाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी सुरुवातीला बोलायला हवं होतं. महाडला पूल पडला तेव्हा शेजारी दुसरा, नवा पूल आधीपासून होताच! तरी एका दिशेच्या गाड्या जुन्यावरून जात होत्या. नवा बांधणं म्हणजे बदलणं नव्हे, जुन्यावरची वाहतूक थांबली की बदलला. त्याचे खांबही पात्रातून काढा, नाहीतर ते प्रवाह वळवून नव्याच्या बुडाशी नेतात. आणि तोवर खांबावर लाल रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की तिथल्या चौकीदारानं रस्त्यावर आडवी साखळी ओढायची, कुणाला फोन न करता.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. प्रश्न असतील तर बाहेर चहाला भेटा, फक्त त्या पत्राचं कुणी विचारू नका.