पान एक, हजेरी अनेकांची

एका साइटवर बूट पाहिले आणि दुसऱ्या दिवशी बातम्या वाचताना तेच बूट शेजारच्या चौकटीत येऊन बसले, की ‘फोन आमचं बोलणं ऐकतो का हो?’ हा प्रश्न हमखास येतो. एवढे कष्ट घ्यायची गरजच पडत नाही. आपला ब्राउझरच सगळं सांगत असतो.

खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरवर बातम्यांचं एखादं पान उघडा, एफ-12 दाबा, नेटवर्क हा टॅब निवडा आणि पान रिफ्रेश करा. यादी भराभर वाढत जाते. तुम्ही पत्ता दिला एकाच साइटचा. यादीत मात्र कधी नावही न ऐकलेल्या कंपन्यांचे सर्व्हर असतात. कुणाकडून जाहिरात येते, कुणाकडून व्हिडिओ, आणि काहींकडून नुसतं एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र. ते दिसावं म्हणून ठेवलेलंच नसतं. ते मागवताना ब्राउझर तुमचा आयपी पत्ता, बहुतेक वेळा तुम्ही कुठल्या साइटवर आहात ते, आणि त्या कंपनीची आधीची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, असेल तर तीही पाठवतो. झालं काम.

कुकी मुळात वाईट नाही. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ती आणली, साइटला आपली ओळख लक्षात राहावी म्हणून. गोची होते ती एकच कंपनी हजारो साइटवर ठाण मांडून बसते तेव्हा. आजाराची माहिती वाचणारा आणि कर्जाचे व्याजदर पाहणारा माणूस एकच आहे, हे कळायला मग नाव लागत नाही, ओळखक्रमांक पुरतो.

मला सर्वांत जास्त खटकतो तो लिलाव. पान उघडत असतानाच जाहिरातीची जागा विकायला निघते आणि साधारण 100 मिलिसेकंदांत बोली लागतात. बोली लावता यावी म्हणून तुमचं ठिकाण, उपकरण, आवडीनिवडी असा तपशील अनेक कंपन्यांना जातो. जाहिरात दिसते जिंकणाऱ्याची. तपशील मात्र हरलेल्यांच्याही हाती पडलेला असतो, आणि पुढे त्यांनी त्याचं काय केलं हे तपासायला तुम्ही जाणार कुठे?

ब्राउझरवाले काय करतात? सफारीने 2020 मध्ये थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर तिसऱ्याच कंपनीच्या कुकी, सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमनेही 2020 मध्ये त्या बंद करण्याची घोषणा केली, तारखा पुढे ढकलल्या आणि 2024 मध्ये बेत सोडून दिला. ब्राउझर बनवणारी कंपनीच जाहिरातींवर जगत असेल तर वेगळं काय होणार!

बरं, कुकी गेल्या तरी फिंगरप्रिंटिंग उरतंच. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड चित्र कसं रेखाटतं ते, हे सगळं जुळवून ब्राउझर ओळखला जातो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2010 मध्ये केलेल्या चाचणीत सुमारे 84 टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले होते. म्हणून ब्राउझरवर दहा-पंधरा एक्स्टेन्शन, म्हणजे जोडीची छोटी साधनं, चढवू नका. त्यामुळे तुम्ही उलट जास्तच वेगळे दिसू शकता. यूब्लॉक ओरिजिनसारखा एक चांगला ब्लॉकर बास. तो कुकी पुसत बसत नाही, माग काढणाऱ्या सर्व्हरशी संपर्कच होऊ देत नाही.

इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीवर, भिस्त ठेवू नका. ती खिडकी बंद केल्यावर इतिहास पुसला जातो तो तुमच्या यंत्रावरचा, समोरच्याकडचा नव्हे. त्यातच लॉगिन केलंत तर सगळंच मुसळ केरात. ईमेल आणि सोशल मीडियासाठी एक ब्राउझर आणि बाकी भटकंतीसाठी दुसरा, ही सवय जास्त कामाची.

सेटिंगमध्ये जाऊन थर्ड-पार्टी कुकी आजच बंद करा. एखाद्या साइटचं लॉगिन किंवा पेमेंट अडलंच, तर पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक करून त्या एका साइटपुरती सूट देता येते. सगळीकडचं कुलूप काढायचं कारण नाही.