डाव्या बाजूने

श्रोतेहो, नमस्कार.

मी कोल्हापुरात राहणारा आणि चित्रे काढून घर चालवणारा माणूस आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी ऑर्डरची कामे करतो आहे, म्हणजे कोणाच्या वडिलांचे तैलचित्र, कोणाच्या दिवाणखान्यासाठी निसर्गचित्र, कोणाच्या देवळासाठी देवीचे चित्र. आणि तितकीच वर्षे मी रोज सकाळी वीस मिनिटे स्केचिंग करतो. लोक मला विचारतात, की ऑर्डर हे पोटाचे काम आणि स्केच ही हौस, मग दोन्ही सांभाळता कशी? मी आज एवढेच सांगणार आहे, की माझ्या घरात ही दोन कामे नाहीत, ते एकच काम आहे. ऑर्डर स्केचच्या वहीवर उभी असते. हे वाक्य मी पुन्हा म्हणेन, कारण रेडिओवर मागचे पान उलटून बघता येत नाही: ऑर्डर स्केचच्या वहीवर उभी असते.

आधी वहीविषयी सांगतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास मी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जातो. म्हशी तिथेच उभ्या असतात, धार तिथेच काढली जाते आणि फेसाळ दुधाचे पेले उभ्याउभ्याच रिकामे होतात. मी भिंतीला टेकून उभा राहतो आणि फोर-बी पेन्सिलीने एक पान काढतो. खोडरबर घरी ठेवलेला असतो. म्हैस सांगून मान हलवत नाही आणि गवळी माझ्यासाठी हात थांबवत नाही, त्यामुळे डोळ्याने जे पकडले ते लगेच हाताने उतरवावे लागते. सुरुवातीची काही वर्षे माझ्या वहीत नुसत्या अर्ध्या म्हशी होत्या. पुढे कळले, की आधी पाठीच्या कण्याची एक रेघ ओढावी, वजन कोणत्या पायावर आहे ते बघावे, आणि शिंगे, कान, डोळे शेवटी, वेळ उरला तर काढावेत. माणसांचेही तसेच आहे. एसटी स्टँडच्या बाकावर वाट बघत बसलेला माणूस त्याच्या खांद्यांवरून ओळखू येतो, नाकडोळे नंतर येतात.

आमच्या शाळांतून चित्रकलेचा तास हळूहळू गणिताला आणि विज्ञानाला देऊन टाकला जातो, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसतात ती पुष्कळदा दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या मुलाने आपल्या घरातला पाट, तांब्या, विळी एकदा तरी नीट बघून काढली आहे, ते मूल पुढे डॉक्टर झाले तरी रोग्याकडे नीट बघेल, असे माझे ठाम मत आहे. असो.

ऑर्डरच्या कामाला काही जण कमी लेखतात. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी जी चौदा पौराणिक चित्रे काढली, ती मागणीवरूनच काढली होती. आमच्या कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आधी विद्यार्थी, मग शिक्षक आणि अखेरीस संचालक झाले, आणि त्यांनीही आयुष्यभर लोकांनी मागितलेली कामे जीव ओतून केली. पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते आबालाल रहिमान. तेही जे. जे.त शिकले आणि कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता आणि दरबारची कामे होती. तरीही ते कोटितीर्थाच्या, रंकाळ्याच्या, पंचगंगेच्या काठी जाऊन पाणी, झाडे आणि उजेड पुन:पुन्हा रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा त्या पाण्याकडे त्यांच्यासाठी म्हणून बघावे, अशी माझी विनंती आहे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज आलो आहे, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावच्या दूधसंस्थेने मला तैलचित्राची ऑर्डर दिली. संस्थेचे संस्थापक वारले होते. सारा गाव त्यांना आण्णा म्हणत असे. डिसेंबरच्या अखेरीस त्यांची पहिली पुण्यतिथी होती आणि त्या दिवशी सभागृहात चित्राचे अनावरण व्हायचे होते. तीस बाय चाळीस इंचांचा कॅनव्हास ठरला आणि अर्धी रक्कम इसार म्हणून मिळाली. फोटो मात्र एकच होता, तोही ओळखपत्रासाठी काढलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा. पांढरी टोपी, बंद गळ्याचा सदरा, मान सरळ, नजर समोर. मी तो मोठा करून घेतला, त्यावर चौकटी आखल्या आणि तीन आठवडे काम केले. नाकाचा बाक, भुवईवरचा व्रण, खालच्या ओठाची घडी, सगळे जागच्या जागी आले. आमच्या धंद्यात ज्याला लाइकनेस म्हणतात, म्हणजे चेहऱ्याचे हुबेहूब साम्य, तो साधला होता, अशी माझी खात्री होती.

अनावरणाला आठ दिवस राहिले असताना संस्थेची मंडळी आणि आण्णांचे चिरंजीव चित्र बघायला आले. सगळ्यांनी चित्र बघितले आणि कोणीच काही बोलेना. फोटो शेजारी धरून बघितला. नाक तेच, डोळे तेच. अखेर चिरंजीव म्हणाले, "पेंटर, चूक काढायला जागा न्हाई. पण ह्ये आण्णा न्हवंत." काय चुकले हे त्यांना सांगता येईना आणि मला दिसेना. श्रोतेहो, चित्रकाराच्या आयुष्यात याहून अवघड प्रसंग नाही. रंग चुकला तर बदलता येतो, नाक चुकले तर खरवडता येते. पण सगळे बरोबर आहे आणि माणूस त्यात नाही, तेव्हा हात कुठे घालायचा?

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या गावी गेलो. घरी आण्णांच्या पत्नी होत्या, वय ऐंशीच्या घरात. घराच्या पुढच्या सोप्यात एक लाकडी हाताची खुर्ची होती, आण्णांची. ती वर्षभर रिकामी होती. तिच्यावर कोणी बसत नसे, फक्त रोज सकाळी पुसली जात असे. मी आजींना मोबाइलवर चित्राचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, "मान अशी कुठं व्हती त्येंची?"

मी विचारले, "मग कशी होती, आजी?"

त्यांना शब्दांत सांगता येईना. त्यांनी हाताने दाखवायचा प्रयत्न केला, मग पदर सावरला आणि म्हणाल्या, "थांब, मी बसून दावतो." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, "मी जातो, मी येतो", त्या दिवशी मात्र ते "दावतो" माझ्या कानांना वेगळेच लागले. त्या उठल्या, त्या खुर्चीपाशी गेल्या, क्षणभर थांबल्या आणि बसल्या. डावा हात गुडघ्यावर ठेवला. उजवा खांदा थोडा उचलला. मान जराशी खाली गेली आणि उजवीकडे वळली, अशी, की डावा कान पुढे आला, आणि डोळे मात्र कोपऱ्यातून माझ्याकडेच राहिले. त्या बाईच्या अंगावर नऊवारी होती, कपाळ मोकळे होते, हातात बांगडी नव्हती; आणि तरी खुर्चीत कोणी दुसरेच बसले आहे, असे मला वाटले.

तेवढ्यात चिरंजीव चहा घेऊन आतून आले. आईला काहीतरी विचारायचे होते. ते तिच्या उजव्या हातालाच उभे होते, तिथूनच विचारता आले असते. पण ते खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि तिथे वाकून बोलले. आपण काय केले हे त्यांच्याही लक्षात आले नाही.

लहानपणी कान फुटून आण्णांना उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले होते. साऱ्या घराला, साऱ्या गावाला त्यांच्या डावीकडून बोलायची सवय होती, इतकी की ती कोणाला सांगण्याजोगी गोष्टच वाटली नाही. समोरून कोणी बोलले, की ते मान वळवून डावा कान पुढे करीत. आणि फोटो काढणाऱ्याने, त्याच्या कामाच्या रीतीप्रमाणे, "समोर बघा, मान सरळ" असे सांगून नेमकी तीच मान सरळ केली होती.

आजी त्या बैठकीत चार मिनिटे टिकल्या, जेमतेम. मग मान अवघडली आणि त्या उठल्या. त्या चार मिनिटांत मी काय काढले? आधी मानेची रेघ, मग खांद्यांचा तिरपेपणा, मग कान, मग गुडघ्यावरचा पंजा. चेहरा काढलाच नाही, तो माझ्याकडे होता. पुन्हा बसा, असे त्यांना सांगण्याची माझी हिंमत झाली नसती. दूधकट्ट्यावरच्या म्हशींनी इतकी वर्षे जे शिकवले, ते मला त्या चार मिनिटांत लागले. सकाळची वही त्यासाठी असते. ऑर्डर स्केचच्या वहीवर उभी असते, असे मी मघाशी म्हणालो, ते यामुळे.

परत आल्यावर चेहऱ्याचा भाग सुरीने खरवडला, उरलेले उंचवटे बारीक पॉलिशपेपरने घासले आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नव्याने मांडणी केली, कारण तो रंग लवकर वाळतो आणि दिवस थोडे होते. मान वळली तसा उजवा कान जवळजवळ नाहीसा झाला, कॉलरची एक बाजू झाकली गेली, मानेची शीर दिसू लागली, टोपीची कड तिरपी झाली. वळलेले नाक फोटोत नव्हते. त्यासाठी चिरंजीवांना दोन वेळा समोर बसवले, कारण नाक बापाचेच होते. पुण्यतिथीच्या आदल्या रात्री चित्र सभागृहात लागले.

इथे एक सांगून ठेवतो. तैलचित्राला चंदनाचा हार घालायचा असेल, तर खिळा चौकटीत ठोकू नये, वर भिंतीत ठोकावा, आणि हार चित्राच्या बाहेरून सोडावा. आपल्याकडे किती तरी सभागृहांत थोरांच्या माना आणि हात हाराखाली झाकले गेले आहेत. माणूस मानेत आणि हातातच तर असतो.

तैलरंगावर वार्निश लगेच करता येत नाही. वरून वाळलेला रंग आतून वाळायला महिने लागतात, म्हणून मी निदान सहा महिने थांबतो. त्याप्रमाणे जुलैत मी पुन्हा त्या गावी गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता. चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर आडवे ठेवले, धूळ पुसली, रुंद ब्रशने वार्निशचा एक हात दिला आणि ते वाळेपर्यंत दार लावून बसून राहिलो. संध्याकाळी चित्र जागेवर लावले तेव्हा आजी आल्या होत्या. नातवाने डोक्यावर धरलेली इरली त्यांनी दाराबाहेर ठेवायला लावली. चित्रासमोर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग चालत चौकटीच्या उजव्या कडेला गेल्या, म्हणजे आण्णांच्या डाव्या कानाकडे, आणि ज्या मोठ्या आवाजात घरात बोलत असतील त्याच आवाजात म्हणाल्या, "अवो, पाऊस लागला बघा. वरच्या वावरातली रोपं लावून झाली."