पोटात प्रिंटर घालत नाहीत, बाप्पा!

नमस्कार मंडळी. मागं थ्रेशरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, शेजारी तूर काढणं चालू आहे.

तर कमेंटमध्ये पुन्हा तेच. "दादा, शरीराच्या आत थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे प्रिंटर पोटात घालतात का?" नाही न! सुईनं शाई सोडायची, बाहेरून अल्ट्रासाऊंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज, मारायचा, शाई आत घट्ट होते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या वेई गाओ यांच्या टीमनं 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं. मूळ गोष्ट एवढीच.

आता शाई नेमकी हव्या त्याच जागी काऊन घट्ट होते? इथंच सगळे घसरतात. शाईत समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट असतं. त्याला कॅल्शियम भेटलं की जेल तयार. मग सिरिंजमध्येच का नाही होत? कॅल्शियम चरबीच्या बारीक फुग्यांत कोंडलेलं असतं म्हणून.

आजीची खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरात अशी थिजायची की काडीनं तेल कोरून काढावं लागे. उन्हात ठेवली की पातळ. फुग्याचं कवच तसंच समजा. अंगाच्या ३७ अंशांना टणक, पाचेक अंश वाढले की गळतं, अन् आतलं कॅल्शियम बाहेर येतं.

आणि ते पाच अंश फक्त एका ठिपक्यावर वाढतात. लहानपणी मी भिंगानं कापूस पेटवून बाबांचा मार खाल्ला होता. भिंगाखालचं बाकी ऊन गारच, ठिपका तेवढा चटका देतो. अल्ट्रासाऊंडच्या आवाजाचंही तसंच, एका ठिपक्यावर गोळा केला की तेवढीच जागा तापते. ठिपका सरकवत न्या, आकार उमटत जातो.

चंद्रपूरचा एक जण विचारतो, "आमच्याकडं मे महिन्यात ४६ असतं, शाई आपोआप थिजेल का?" हसू नका, प्रश्न झकास आहे. बाहेर ४६ असलं तरी घाम गाळून शरीर आत ३७ च्या आसपासच राहतं. ऊन लागून अंग ४१ वर गेलं, तर प्रिंटिंग राहू द्या, आधी दवाखान्यात पळा.

आता माझा राग. "आईचा गुडघा घासला, नागपुरात कुठं छापून मिळेल?" कुठंच नाही! या टीमनं उंदराच्या मूत्राशयात कॅन्सरच्या गाठीजवळ औषध भरलेलं जेल छापलं, सशाच्या पायाच्या स्नायूत सुमारे ४ सेंटिमीटर खोल छापलं. माणसावर नाही. त्यात जिवंत पेशी मिसळता येतात, पण छापलं जातं ते जेल, अख्खा गुडघा नव्हे. 'अवयव छापले' असा थंबनेल टाकणाऱ्यांनो, तुमच्यामुळं मला ह्या मायबापांना नाही म्हणावं लागतं.

आईला हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि निंदणाला यंदा उकिडवं बसू देऊ नका.